पडद्यावरचे यार्ड

शिकागोच्या पश्चिमेला, आमच्या उपनगरातल्या सार्वजनिक गोल्फ कोर्सवर एक छोटं पार-थ्री होल आहे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, आणि ग्रीन, म्हणजे झेंडा रोवलेली हिरवळ, यांच्यामध्ये तळं. मे महिना होता तरी सकाळी अंगात जॅकेट लागत होतं, गवत दवानं चिंब होतं आणि समोरचा झेंडा काठीला लपेटून पडला होता. वारा अजिबात नव्हता. काकांनी अंतर मोजायचं लेझर लावून पाहिलं. झेंड्यापर्यंत 133 यार्ड, आणि पाणी ओलांडायला 126 पुरेत. त्यांनी बॅगेतून सेव्हन आयर्न, मधल्या पल्ल्याचा क्लब, काढलं, एकदा हवेत फिरवून पाहिलं आणि मारलं. आवाज इतका नेटका आला की बॉल हवेत असतानाच आम्ही ‘वा काका!’ म्हणून मोकळे झालो. बॉल झेंड्याच्या रोखानं गेला, छान वर चढला आणि पलीकडच्या काठाच्या चार-पाच यार्ड अलीकडे पाण्यात पडला. काकांनी खिशातून दुसरा बॉल काढला. तोच क्लब, तसाच आवाज, तीच रेघ, तेच पाणी.

टॉवेलनं क्लब पुसत ते म्हणाले, “माझंच काहीतरी बिघडलंय रे. हिवाळ्यात हाच क्लब एकशे एकतीस जात होता.”

बॉल पाण्यात जाण्याचं दुःख कुणाला फारसं नसतं. त्या तळ्यात आमच्या सगळ्यांचेच बॉल आहेत. पण ‘माझंच’ हा शब्द मला पुढचे कितीतरी दिवस सोडेना. काका सत्तरीला आलेले. ऐंशीच्या दशकात पुण्याहून इकडे आले, आयुष्यभर पुलांची आणि इमारतींची गणितं केली, निवृत्त झाल्यावर गोल्फ शिकले. मोजमापाशी ज्याची हयात गेली, असा हा माणूस. उत्तर चुकलं तर हा माणूस आधी गणित तपासणार, पट्टी तपासणार. इथे मात्र त्यांनी पट्टीवर क्षणभरही शंका घेतली नाही, थेट स्वतःच्या खांद्यावर घेतली. काकूंनी नंतर सांगितलं की घरी आल्यावर ते आरशासमोर उभे राहून हात वर-खाली करून बघत होते, आणि डॉक्टरांची वेळ घे म्हणून त्यांच्या मागे लागले होते. मार्चमध्ये ठणठणीत असलेला खांदा मेमध्ये आपोआप म्हातारा झाला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

हिवाळ्यात आम्ही मंगळवारी रात्री सिम्युलेटरवर खेळतो: खोलीतल्या पडद्यावर बॉल मारायचा आणि तो बाहेर किती गेला असता ते यंत्र सांगतं. इथे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बाहेर गोल्फचं नाव काढायची सोय नसते. कोर्स बर्फाखाली, तळी गोठलेली. मग एखाद्या दुकानांच्या रांगेत, पिझ्झावाला आणि लाँड्री यांच्या मधोमध असलेल्या त्या सेंटरमध्ये आम्ही जमतो. दारात बुटांना चिकटलेलं रस्त्यावरचं मीठ आपटून टाकायचं, जाड जॅकेटांचा ढीग सोफ्यावर करायचा आणि आपापल्या बेमध्ये, पडद्यासमोरच्या खणात, शिरायचं. आत रबराच्या मॅटचा वास, प्रोजेक्टरची धग आणि बॉल पडद्यावर आदळल्याचा तो धप्प आवाज. पडद्यावर कॅलिफोर्नियातलं ऊन नाहीतर स्कॉटलंडचा समुद्रकिनारा. डब्यातून कुणी चिवडा आणतं, कुणी कचोऱ्या. काकांना मी वर्षभरात सगळ्यांत जास्त खुशीत कधी पाहिलं असेल तर त्या मंगळवारांना. एका रात्री त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारणाऱ्या क्लबचा फटका, 225 यार्ड गेला. पडद्यावर आकडा उमटला तेव्हा त्यांनी मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला आणि भारतात, सकाळ झालेल्या घरी, धाकट्या भावाला पाठवला. त्या आनंदात खोट काढावी असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आजही पूर्णपणे वाटत नाही. म्हणूनच हे सगळं लिहायला मला इतका वेळ लागला.

जूनमध्ये, सेंटर ओस पडलेलं असताना, मी एका दुपारी तिथे गेलो आणि काउंटरवरच्या मुलाला बेची सेटिंग्ज दाखवायला सांगितली. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत, सहज दाखवली. समुद्रसपाटीपासून उंची पाच हजार फुटांहून जास्त. तापमान 90 अंश फॅरनहाइट. फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधलं कापलेलं गवत, टणक. शिकागो सहाशे फुटांच्या आसपास आहे आणि मे महिन्यातली आमची सकाळ पन्नाशीतली होती. म्हणजे हिवाळाभर आम्ही डेन्व्हरच्या उंचीवर, भर उन्हाळ्यात, भाजून कडक झालेल्या जमिनीवर गोल्फ खेळत होतो आणि त्यातलं अक्षरही पडद्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, असं का? तो म्हणाला, “लोकांना बॉल लांब गेलेला आवडतो. लांब गेला की ते परत येतात.”

उंचीवर हवा विरळ असते, बॉलला अडवणारी हवा कमी, म्हणून तो जास्त जातो. डेन्व्हरला सहा टक्के धरतात. गरम हवाही विरळच, तिचे आणखी दोन-चार यार्ड. काकांच्या सेव्हन आयर्नच्या 121 यार्डांचे 131 व्हायला एवढं पुरतं. ड्रायव्हरच्या बाबतीत त्यात टणक जमिनीवरचं घरंगळणं मिळवा की 195 चे 225 होतात. कुणी यंत्रात घुसून आकडे फिरवले नव्हते. बॉलचा वेग बरोबर, कोन बरोबर, गिरक्या बरोबर. यंत्रानं जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं; फक्त ते कुठल्या हवेत उडवायचं, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं.

आणि हे मला नवीन नव्हतं.

मी पंचगंगेकाठच्या एका उसाच्या गावातला. आमच्याकडे हंगामात रात्री-अपरात्री ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याच्या रांगेत लागायच्या. मळीचा तो गोडसर, घशाशी बसणारा वास चार मैलांवरून यायचा. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर चढायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, खिडकीतून एक हात पावती पुढे करायचा. त्या पावतीवरच्या आकड्यावर आमचं वर्ष चालायचं. काटामारीच्या गोष्टी गावागावात होत्या, आहेत. आमच्या भागात लहान पोरालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अण्णा एका हंगामात हट्टानं ट्रॉली आधी रस्त्यावरच्या खासगी वजनकाट्यावर घेऊन गेले. मी बरोबर होतो. तिथली पावती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली आणि मग आम्ही कारखान्याच्या रांगेत गेलो. दुसरी पावती हातात आल्यावर ते कंदिलाच्या उजेडात दोन्ही कागद शेजारी धरून बराच वेळ बघत राहिले. भांडले नाहीत. परत येताना मी म्हटलं, अण्णा, पैसे बुडाले की. ते म्हणाले, “पैशाचं न्हाई रं. गेली चार वर्सं मला वाटाय लागलंतं, रानच कमी पिकाय लागलंय. दर साली युरिया वाढवत गेलो.”

चार वर्षं त्यांनी जमिनीला दोष दिला होता. नांगरट बदलली, बेणं बदललं, पाण्याच्या पाळीवरून थोरल्या काकांशी वाद घातले. काट्याचा आकडा कमी होता आणि सिम्युलेटरचा जास्त. एकानं घेतलं आणि दुसऱ्यानं वाटलं. तरी दोन्हीकडे शेवटी माणूस आपल्याच रानावर, आपल्याच खांद्यावर अविश्वास दाखवून मोकळा झाला. काका तळ्याकाठी ‘माझंच’ म्हणाले तेव्हा मला अण्णांचं ‘रानच’ ऐकू आलं. त्या ‘च’नं माझी झोप उडवली.

उसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि सिम्युलेटर समजून घेताना मला ती फार उपयोगी पडली. वजन निदान दुसऱ्या काट्यावर पडताळता येतं. साखर उतारा पडताळता येत नाही. दर उताऱ्यावर ठरतो, आणि तो सगळ्या कारखान्याचा मिळून, कारखान्यानं काढलेला. आपल्या फडातल्या उसात किती साखर होती हे आपल्याला कधीच कळत नाही. एक आकडा मोजलेला, दुसरा काढलेला. पावतीवर मात्र दोन्ही सारख्याच शाईत येतात.

सिम्युलेटरच्या पडद्यावरही तसंच. बॉल स्पीड, क्लब स्पीड, लाँच अँगल, बॅकस्पिन, साइडस्पिन, कॅरी म्हणजे बॉल हवेतून गेला ते अंतर, एकूण अंतर. सगळे आकडे एकाच टपोऱ्या पांढऱ्या अक्षरात, एकाच ऐटीत, काही तर दशांश चिन्हासह. त्यातला कुठला यंत्रानं डोळ्यांनी पाहिला, कुठला गणितानं काढला आणि कुठला चक्क अंदाजानं भरला, हे तिथे लिहिलेलं नसतं. आणि सगळा खेळ तिथेच आहे.

काकांचा सेव्हन आयर्नचा बॉल निघतो तेव्हा त्याचा वेग ताशी नव्वद मैलांच्या थोडा वर. मॅटपासून पडदा साडेतीन मीटरवर. म्हणजे सेकंदाचा दहावा भागसुद्धा नाही आणि बॉल पडद्याला धडकलेला. त्या अवधीत तो जेमतेम आठ-नऊ गिरक्या घेतो. या आठ-नऊ गिरक्यांवरून यंत्राला उरलेली शंभरावर यार्डांची गोष्ट रचायची असते: किती चढेल, कुठे वळेल, कुठे पडेल, पडल्यावर किती थांबेल. बॉलला मागच्या बाजूला फिरकी असते म्हणून हवा त्याला उचलून धरते. फिरकीचा अक्ष जरा कलला की तो उजवीकडे किंवा डावीकडे वळतो. म्हणून फिरकी चुकली की सगळंच चुकलं. आणि मोजायला सगळ्यांत अवघड तीच.

बाहेर, मोकळ्या मैदानावर, रडारचं काम तुलनेनं सरळ आहे. डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीनं 2003 पासून हे रडार गोल्फमध्ये आणलं. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेड्रिक टुक्सेन हे आधी लष्करी रडारचे इंजिनिअर, हवेतून जाणाऱ्या तोफगोळ्यांचा माग काढणाऱ्या यंत्रांवर काम केलेले. बॉलवरून परतणाऱ्या लहरींची कंप्रता किती बदलली यावरून वेग काढायचा, आणि बॉल पडेपर्यंत त्याच्यावरची नजर हटवायची नाही. तिथे कॅरी हा खरोखर पाहिलेला आकडा असतो. तेच रडार खोलीत आणलं की त्याची नजर साडेतीन मीटरवर पडद्याला अडते. म्हणून बॉलवर धातूचा बारीक ठिपका चिकटवतात, रडारला गिरकी दिसावी म्हणून. बॉल बनवणाऱ्या टायटलिस्ट कंपनीनं तर 2022 मध्ये खास रडारला दिसणारे बॉल बाजारात आणले. कॅमेऱ्याची यंत्रं दुसरी. ती बॉलशेजारी जमिनीवर बसतात, फटका बसताक्षणी एकामागून एक छायाचित्रं घेतात आणि बॉलवरच्या खुणा किती सरकल्या हे पाहून फिरकी काढतात. फोरसाइट कंपनीच्या जीसी-क्वाड या यंत्रात असे चार कॅमेरे आहेत. बॉलची पुढची वाट दोघांनाही गणितानंच काढावी लागते, पण सुरुवातीचं पाहिलेलं असतं. स्वस्तातली बरीच यंत्रं मात्र वेग आणि कोन मोजतात आणि फिरकी अदमासे भरतात: सेव्हन आयर्न आहे ना, एवढा वेग आहे ना, मग फिरकी साधारण इतकी असणार. ‘साधारण’ म्हणजे कुणाची? सरासरी माणसाची. आणि जो शॉट बिघडला, जो बॉल क्लबच्या टोकाला लागला, जो ओल्या गवतातून निघाला, तो सरासरी नसतोच. शिकायला आलेल्या माणसाला नेमकं तिथेच उत्तर हवं असतं, आणि नेमकं तिथेच यंत्र त्याला दुसऱ्याच कुणाची तरी फिरकी दाखवतं.

मॅटचंही असंच. गवतावर क्लब बॉलच्या इंचभर आधी जमिनीला लागला की तो मातीत रुततो आणि बॉल बिचारा निम्म्या वाटेत पडतो. मॅटवर तोच क्लब रबरावरून घसरत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो. यंत्र इथे निर्दोष आहे, त्यानं वेग बरोबर मोजला. पण खेळणाऱ्याला वाटतं, जमलं. आमच्या मंगळवारच्या लीगमधल्या एका तरुण मुलाचं हिवाळाभर असंच ‘जमत’ होतं. फक्त आवाजात फरक होता, बॉलच्या आधी एक बोदा ‘थड्’ यायचा. काकांनीच तो एकदा ओळखला आणि त्याला सांगितलं, आकडा बघू नकोस, आवाज ऐक. इतका तयार कान असलेला माणूस स्वतःच्या बाबतीत पडद्यावर विसंबला.

कुणी म्हणेल, खेळच तो, दहा यार्डांनी काय बिघडतं? मला याचा थोडा रागच येतो. गोल्फमध्ये आपल्या क्लबचं अंतर माहीत असणं ही अर्धी विद्या आहे. समोर पाणी, मागे वाळूचा बंकर, हातात चौदा क्लब. त्यातला कुठला काढायचा हे ठरवताना माणसाजवळ स्वतःबद्दलच्या माहितीशिवाय काहीही नसतं. भारताची गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली, पदक थोडक्यात हुकलं. तिच्या बरोबरीनं खेळणाऱ्या मुली ड्राइव्ह तिच्याहून कितीतरी पुढे मारत होत्या, त्यामुळे ग्रीनवर यायला तिला लांबचे क्लब वापरावे लागत होते. तरी चार दिवस ती पदकाच्या शर्यतीत टिकली. त्यात तिचं पटिंग, ग्रीनवर बॉल हळूच खळग्यात घालणं, होतंच. पण आपला कुठला क्लब किती जातो हे तिला पक्कं ठाऊक नसतं तर एवढ्या मागून खेळून टिकता आलं असतं, असं मला वाटत नाही. तिच्या हातात कुणी दहा यार्ड फुगवलेला तक्ता दिला असता तर?

आणि उलट बाजूला, खऱ्या आकड्यांनी या खेळात काय उलथापालथ केली तेही पाहण्यासारखं आहे. कितीतरी वर्षं शिकवणारे शिकवत आले की बॉल निघतो क्लबच्या फिरण्याच्या दिशेनं आणि मग क्लबच्या तोंडाकडे वळतो. पुस्तकांत तसंच, सरावाच्या रेंजवर तसंच. भौतिकशास्त्राचे काही अभ्यासक, त्यात नेब्रास्काचे थिओडोर जॉर्गनसेनही होते, वेगळं सांगत होते. पण मैदानावर त्यांचं ऐकणार कोण? मग रडार आणि वेगवान कॅमेरे आले. दिसलं ते असं की बॉल निघतो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे. ड्रायव्हरला साधारण 85 टक्के वाटा तोंडाचा, आयर्नला 75 च्या आसपास. म्हणजे स्लाइस, उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल उजवीकडे वळत जाणं, घालवायला म्हणून लाखो लोकांना जो उपाय सांगितला गेला, त्यातला बराचसा रोग वाढवणारा होता. माणसं वर्षानुवर्षं घाम गाळत होती, शिक्षक मनापासून शिकवत होते, आणि बॉल ऐकत नव्हता. तेव्हाही दोष ती आपल्या मनगटालाच देत असणार. बॉल निघण्याच्या क्षणाचं नीट मोजमाप होईपर्यंत त्यांना सोडवणारं कुणी नव्हतं. या यंत्रांबद्दल मला जो आदर आहे तो यासाठी. म्हणूनच त्यांच्या तोंडी कुणी खोटं घातलं की जास्त लागतं.

दक्षिण कोरियात तर पडद्यावरचा गोल्फ हाच लाखो लोकांचा गोल्फ आहे. गोल्फझोन कंपनी तिथे 2000 साली सुरू झाली. खऱ्या कोर्सवर खेळणं महाग, जमीन कमी, हिवाळा कडक. माणसं ऑफिस सुटल्यावर चौघं मिळून एक खोली घेतात, जेवण मागवतात आणि अठरा होल खेळून घरी जातात. तिथल्या खोलीतली जमीनसुद्धा पडद्यावरच्या उतारानुसार कलते, चढावर उभं राहिल्यासारखं पायांना वाटावं म्हणून. असे कितीतरी लोक असतील ज्यांनी हजारो बॉल मारलेत आणि गवतावर क्वचितच पाय ठेवलाय. त्यांच्याकडे पडताळायला दुसरा काटा नाही. मला त्यांची काळजी वाटते असं म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण वाटते खरी.

अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये टायगर वूड्स आणि रोरी मॅकलरॉय या नामांकित खेळाडूंच्या पुढाकारानं टीजीएल ही गोल्फची स्पर्धा सुरू झाली, फ्लोरिडातल्या बंद स्टेडियममध्ये, भल्यामोठ्या पडद्यासमोर. आम्ही ती आमच्या लीगच्या रात्री सेंटरवरच बघायचो. तिथे खेळाडू पडद्यापासून बरेच मागे उभे राहून खऱ्या गवतावरून मारतात, म्हणजे यंत्रांना बॉल पाहायला जास्त वाट मिळते. मला तो फरक पाहूनच बरं वाटलं, की ज्यांच्या नावावर पैसे लागलेत त्यांच्यासाठी तरी कुणी एवढा विचार केला. फेब्रुवारीत एका सामन्यात टायगरला 199 यार्ड उरले होते. त्याला ऐकू आलं 99. त्यानं वेज, जवळच्या पल्ल्याचा क्लब, काढला आणि बॉल शंभर यार्ड अलीकडे टाकला. सगळे हसले, तोही हसला. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच: शॉट अगदी बरोबर 99 चा होता. हात चुकले नाहीत. ज्या आकड्यावर विश्वास ठेवला त्या आकड्याशी ते इमानदार राहिले. काकांचे हात त्या तळ्याकाठी तितकेच इमानदार होते.

हे काकांना सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घातले. बायको म्हणाली, कशाला सांगतोस, तो फोटो अजून त्यांच्या मोबाइलवर आहे. तिचं म्हणणं मला पटत होतं. 225 यार्डांचा आनंद खरा होता. त्या रात्री त्यांचा चेहरा मी पाहिला होता. सत्तरीच्या माणसाला आपण अजून वाढतोय असं चार महिने वाटलं, ते हिरावून घेणारा मी कोण? पण दुसरीकडे डॉक्टरांची वेळ ठरली होती, खांद्याचे फोटो निघणार होते आणि काकांनी दोन शनिवार ‘अंगात बळ नाही’ म्हणून येणं टाळलं होतं. शेवटी मी सेटिंग्जचा विषय काढलाच नाही. म्हटलं, काका, जुलैच्या उन्हात एकदा रेंजवर नीट मोजून बघू या का, एका कोचकडे कॅमेऱ्याचं यंत्र आहे. ते म्हणाले, “चल, काय ते एकदा कळू दे.”

रेंजवर त्यांनी प्रत्येक क्लबनं मारलं. कोचनं सुरुवातीलाच यंत्र दोरी धरून लक्ष्याच्या रेषेत बसवलं, दोनदा तपासलं. एक अंश जरी वाकडं बसलं तरी दीडशे यार्डांवर अडीच यार्डांचा फरक दाखवतं म्हणाला. बॉल नवे घेतले, रेंजवरचे झिजलेले बाजूला ठेवले. मला ते बघताना फार समाधान वाटत होतं. सेव्हन आयर्न 122, 120, 123, 121. काकांनी खिशातली वही काढली, तीच जुनी चौकटीची इंजिनिअरची वही, आणि आकडे मांडले. मग मागची पानं उलटून गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची पाहिली. 122, 121. बराच वेळ ते त्या दोन ओळींकडे बघत होते. मला वाटलं आता मनाला लागणार. तेव्हा मी सेंटरमधल्या उंचीचं आणि तापमानाचं सांगितलं.

“म्हणजे मी गेल्या वर्षी होतो तेवढाच आहे?”

“तेवढेच आहात काका.”

ते आधी रागावले. सेंटरवर नाही, माझ्यावर, इतके दिवस बोललास का नाहीस म्हणून. मग यंत्रासमोर बसून त्यांनी कोचला तासभर प्रश्न विचारले. फिरकी पाहिलेली की काढलेली? अक्षाचा कल किती अचूक? ऊन पडल्यावर कॅमेऱ्याला त्रास होतो का? कोच बिचारा जेवायचा राहिला. डॉक्टरांची वेळ काकूंनी त्याच संध्याकाळी रद्द केली. 225 चा तो फोटो मात्र काकांनी मोबाइलवरून पुसला नाही. मी विचारलंही नाही.

या नोव्हेंबरात लीग सुरू होण्याआधी आम्ही सगळे सेंटरच्या सोफ्यांवर बसलो आणि मी प्रस्ताव मांडला: उंची शिकागोची ठेवायची, तापमान सत्तर, फेअरवे मध्यम, आणि हे सगळं पडद्याच्या कोपऱ्यात दिसत ठेवायचं. वाटलं होतं पटकन हो म्हणतील. निम्म्यांनी नाही म्हटलं. पैसे देऊन कमी आकडा कशाला घ्यायचा? इथे आम्ही मजा करायला येतो. सिम्युलेटरवरचा स्कोअर तसाही हँडिकॅपला, म्हणजे खेळाडूच्या कुवतीच्या अधिकृत आकड्याला, धरत नाहीत, मग फरक काय पडतो? शेवटचा मुद्दा खोटा नाही, अधिकृत हँडिकॅपसाठी पडद्यावरची फेरी चालत नाही. पण ती का चालत नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं, आणि गोंगाटात ते राहून गेलं. काका एका बाजूला चिवडा खात बसले होते. त्यांनी वही उघडली, जुलैचे आणि मार्चचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेलं पान काढलं आणि ते सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. काही बोलले नाहीत. पान फिरून परत आलं तेव्हा आणखी दोघं आमच्या बाजूला होते.

सेंटरच्या मालकानं शेवटी एक बे आम्हाला तशी लावून दिली, सगळ्यांत आतली, प्रोजेक्टर जरा मंद असलेली. आमच्यातले पाच जण आता तिथे खेळतात. बाकीचे शेजारच्या बेमध्ये पाच हजार फुटांवर आहेत आणि खुशीत आहेत. त्यांना तिकडून ओढून आणायचा प्रयत्न मी अजून सोडलेला नाही. गेल्या मंगळवारी त्या तरुण मुलानं विचारलं, तुमच्या बेमध्ये माझा ड्रायव्हर किती जाईल? काकांनी त्याला क्लब घेऊन ये म्हणून सांगितलंय.